ब्राउजरचे अपहरण : वाटाड्याच वाट चुकवतो तेव्हा

संगणक सुरू करावा, ब्राउजर उघडावा आणि नेहमीच्या मुखपृष्ठाऐवजी भलतेच पान समोर यावे. ते बदलून पाहावे, तर दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा हजर! शोधायला जावे बँकेचे संकेतस्थळ आणि यादीत अग्रभागी दिसावेत ते कर्जाच्या जाहिरातींचे दुवे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असा इशारा उमटावा. बहुतेक संगणकधारकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. कोणी त्याला सरसकट 'व्हायरस' म्हणून मोकळा होतो, कोणी इंटरनेट कंपनीला दोष देतो, तर कोणी 'जाहिरातीच तर आहेत' असे म्हणून दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात हा प्रकार या तिन्हींहून निराळा आहे. त्याला 'ब्राउजर हायजॅकिंग', म्हणजे ब्राउजरचे अपहरण असे म्हणतात आणि ते घडवून आणणाऱ्या जाहिरातखोर प्रोग्रॅमना 'अ‍ॅडवेअर' ही संज्ञा आहे.

हा प्रश्न केवळ मनस्तापाचा असता, तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील, जालना-मंठा रस्त्यावरील वाटूरसारख्या गावाचा विचार करावा. सातबारा उतारा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज ही सारी कामे आता संगणकावरून होतात. ज्यांच्या घरी संगणक नाही, ते आपले सरकार सेवा केंद्रातील किंवा एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर विसंबून असतात. अशा एका यंत्रावर अनेक कुटुंबांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील आणि मोबाइलवर आलेले ओटीपी टंकित होत असतात. त्याच यंत्राचा ब्राउजर परक्याच्या ताब्यात गेला, तर धोका एका माणसापुरता राहत नाही.

शहरातील वाचकाचाही या साखळीशी जवळचा संबंध आहे. घरात नवा लॅपटॉप आला की जुना गावाकडे पाठवला जातो. त्यावरची विंडोज जुनी असते, अँटिव्हायरसची मुदत संपलेली असते आणि वर्षानुवर्षे साचलेले फुकट प्रोग्रॅम तसेच असतात. पुढे तोच संगणक 'बिघडला' की दुरुस्तीचा सल्ला फोनवरून विचारला जातो, तोही शहरातल्या मुलालाच. म्हणून या रोगाचे निदान आणि उपचार दोन्ही नीट समजून घेणे उपयोगाचे ठरते.

व्हायरस नव्हे, दलाल

व्हायरस एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये पसरतो. खंडणीखोर 'रॅन्समवेअर' फाइलींना कुलूप लावून पैसे मागते. अ‍ॅडवेअर यांपैकी काहीच करत नाही. संगणक चालू राहणे, ब्राउजर उघडत राहणे आणि माणूस शोध घेत राहणे यातच त्याचा स्वार्थ असतो. ते इंटरनेटच्या वाटेवर बसलेल्या दलालासारखे वागते. वाटसरूला थांबवण्याऐवजी ते त्याला आपल्या दुकानावरून वळवून नेते.

यामागचे अर्थकारण सरळ आहे. शोधयंत्रावरील जाहिरातीवर कोणी क्लिक केले की जाहिरातदार पैसे मोजतो. त्या रकमेतील काही वाटा ज्याने तो वाचक शोधयंत्राकडे पाठवला, त्या मध्यस्थाला मिळतो. या व्यवस्थेचा वैध उपयोग अनेक कंपन्या करतात. अपहरणकर्ता मात्र वाचकाला न विचारता त्याच्या ब्राउजरचे मुखपृष्ठ, नव्या टॅबचे पान आणि शोधयंत्र बदलून टाकतो. त्यानंतरचा प्रत्येक शोध त्याच्या पत्त्यावरून फिरून पुढे जातो. एका संगणकावरून मिळणारी रक्कम नगण्य असली, तरी लाखो संगणकांचा गुणाकार केला की धंदा फायद्याचा होतो. याशिवाय असा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर बसवून देणाऱ्याला दर संगणकामागे मोबदला मिळतो. फुकट सॉफ्टवेअर वाटणारी अनेक संकेतस्थळे या मोबदल्यावरच पोसली जातात.

या बेकायदा आणि अर्धबेकायदा व्यवहाराच्या मधोमध एक धूसर पट्टा आहे. वापरकर्त्याने कधीतरी न वाचता 'मला मान्य आहे' या बटणावर क्लिक केलेले असते. त्याच्या आधारे कंपनी संमती मिळाल्याचा दावा करते. म्हणूनच अँटिव्हायरस कंपन्या अशा प्रोग्रॅमना थेट 'मालवेअर' न म्हणता पुष्कळदा 'संभाव्य नकोसे अ‍ॅप' अशा सौम्य नावाने नोंदवतात. ते शोधण्याची सोय काही अँटिव्हायरसमध्ये वेगळी सुरू करावी लागते. अँटिव्हायरस असूनही जाहिराती का येतात, या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे.

पाव शतकाचा इतिहास

१९९७ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ या आवृत्तीत इतर कंपन्यांना ब्राउजरमध्ये आपले छोटे प्रोग्रॅम जोडण्याची सोय मिळाली. हेतू चांगला होता, पण जाहिरातखोरांनाही त्यामुळे मोकळे दार सापडले. पासवर्ड लक्षात ठेवणारा 'गेटर' हा प्रोग्रॅम त्या काळात गाजला. सोबत येणाऱ्या जाहिरातींमुळे तो बदनाम झाला आणि २००३ साली त्या कंपनीने 'क्लारिया' हे नवे नाव धारण केले.

त्याच वर्षी 'कूलवेबसर्च' या अपहरणकर्त्याने धुमाकूळ घातला. तो ब्राउजरचे मुखपृष्ठ बदलत असे, पसंतीच्या दुव्यांत भलते पत्ते घुसवत असे आणि काढला तरी परत येत असे. त्यावर उतारा म्हणून मेरिन बेलेकोम या डच विद्यार्थ्याने 'सीडब्ल्यूश्रेडर' आणि 'हायजॅकधिस' ही साधने लिहिली. संगणकात कोठे काय घुसले आहे याची यादी 'हायजॅकधिस' समोर मांडत असे. त्या यादीचा अर्थ लावून मदत करणारे स्वयंसेवक जगभर तयार झाले. २००७ साली ट्रेंड मायक्रो या कंपनीने हे साधन विकत घेतले.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'झँगो' या कंपनीवर फसवणुकीने अ‍ॅडवेअर बसवल्याचा आरोप ठेवला आणि २००६ साली ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. २००९ साली ती कंपनी बंद पडली. पण धंदा संपला नाही, केवळ माणसे आणि नावे बदलली.

२०११ सालच्या 'डीएनएसचेंजर' प्रकरणाने या धंद्याचे अधिक गंभीर रूप समोर आणले. संकेतस्थळाचे नाव दिल्यावर त्याचा अंकांतील पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला 'डीएनएस' म्हणतात. ती इंटरनेटची जणू पत्त्यांची वही असते. एस्टोनियातील टोळीने १०० हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांना आपलीच खोटी वही वापरायला लावली आणि जाहिरातींतून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले, असे अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केले. टोळी पकडली गेली तरी तिची यंत्रणा लगेच बंद करता येईना, कारण बाधित संगणकांचे इंटरनेटच थांबले असते. अखेर न्यायालयाच्या परवानगीने काही महिने पर्यायी व्यवस्था चालवून ती ९ जुलै २०१२ रोजी बंद करण्यात आली.

नामांकित कंपनीचा नवा संगणक घेतला म्हणजे निर्धास्त राहावे, हा समज २०१५ साली मोडला. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच 'सुपरफिश' हे अ‍ॅडवेअर आले होते. जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते ब्राउजर आणि सुरक्षित संकेतस्थळ यांच्या मधोमध बसत असे. त्यासाठी त्याने संगणकात स्वतःचे बनावट विश्वासपत्र पेरले होते आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच होती. ती किल्ली संशोधकांनी शोधून काढली. ज्याला ती सापडेल तो अशा लॅपटॉपसमोर बँकेच्या नावाने खोटे पान उभे करू शकत होता आणि ब्राउजर त्यावर सुरक्षिततेचे कुलूप दाखवत राहिला असता. कोणाला लुटण्याचा हेतू नसतानाही केवळ जाहिरातीच्या लोभाने केवढे भगदाड पडते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

भारतावरील सावट : 'फायरबॉल'

भारताच्या दृष्टीने सर्वांत मोठे प्रकरण २०१७ सालचे. त्या वर्षी १ जून रोजी चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' या अपहरणकर्त्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. बीजिंगमधील राफोटेक ही जाहिरात कंपनी त्यामागे असल्याचे त्यात म्हटले होते. जगभरात २५ कोटी संगणक बाधित असल्याचा चेक पॉइंटचा अंदाज होता. देशवार यादीत भारत पहिला होता आणि येथील बाधित संगणकांची संख्या २ कोटी ५३ लाख इतकी सांगितली गेली. मायक्रोसॉफ्टने मात्र हा आकडा फुगवलेला असल्याचे सांगून त्याला हरकत घेतली. त्यामुळे नेमक्या संख्येविषयी सावध राहिलेले बरे. पण फायरबॉल होता आणि तो भारतात पसरला होता, याविषयी दुमत नव्हते. पुढे चिनी पोलिसांनी या कंपनीच्या ११ कर्मचाऱ्यांना अटक केल्याचे वृत्त आले.

फायरबॉलची रीत अभ्यासण्यासारखी आहे. तो वायफाय वाटून देणारे किंवा छायाचित्रे पाहण्याचे फुकट प्रोग्रॅम अशांच्या पाठीवर बसून येत असे. आल्यावर मुखपृष्ठ आणि शोधयंत्र बदलत असे. नवे शोधयंत्र दिखाऊ होते. ते प्रश्न याहू किंवा गुगलकडेच पाठवत असे आणि जाता जाता वापरकर्त्याची माहिती टिपत असे. निकाल बरे दिसत असल्याने संशय येत नसे. मात्र चेक पॉइंटने खरा इशारा दिला होता तो वेगळाच. फायरबॉलला बाधित संगणकावर दुसरा कोणताही प्रोग्रॅम उतरवून चालवता येत होता. आज जाहिरात दाखवणारा उद्या त्याच वाटेने पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आणू शकतो. 'जाहिरातीच तर आहेत' या युक्तिवादातला दोष हाच आहे.

दार उघडले जाते कसे

अपहरणकर्ता क्वचितच कुलूप तोडून येतो. बहुतेक वेळा घरधनीच त्याला आत घेतो. सर्वांत रूढ मार्ग म्हणजे फुकट सॉफ्टवेअरसोबतचे 'पुडके'. पीडीएफ फाइल जोडण्याचे साधन, व्हिडिओ उतरवण्याचे साधन, मराठी फॉन्टचे रूपांतर करणारे साधन अशा कामाच्या वस्तूबरोबर दोन-तीन नकोशा वस्तू बांधून दिल्या जातात. बसवताना 'शिफारस केलेली पद्धत' निवडली की त्या आपोआप येतात. 'स्वतः निवडा' हा पर्याय घेतला तरच त्यांच्यापुढील खुणा काढता येतात.

दुसरा मार्ग चोरीच्या सॉफ्टवेअरचा. विंडोज किंवा ऑफिस फुकट 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देणारे प्रोग्रॅम, चोरून उतरवलेले खेळ आणि चित्रपट हे या टोळ्यांचे आवडते वाहन. २०२२ साली पसरलेला 'क्रोमलोडर' असाच फुकट खेळ आणि चित्रपटांच्या फाइलींतून येऊन क्रोममध्ये घुसत असे.

तिसरा मार्ग ड्रायव्हरचा आहे आणि तो सेवा केंद्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रिंटर, स्कॅनर किंवा अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र जोडायचे म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर हवे. घाईघाईने शोध घेतला की कंपनीच्या संकेतस्थळाआधी 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी पाने दिसतात. तेथे 'डाउनलोड' असे लिहिलेली अनेक ठसठशीत बटणे असतात आणि त्यांतील बहुतेक जाहिराती असतात.

चौथा मार्ग एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउजरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या उपप्रोग्रॅमचा. येथे चांगले एक्स्टेन्शनही पुढे वाईट होऊ शकते. 'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेल्या टॅब झोपवून संगणकाचा भार हलका करणारे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० साली मूळ कर्त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवले. नव्या मालकाच्या काळात त्यात संशयास्पद भाग शिरला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर ठरवून काढून टाकले.

पाचवा मार्ग सर्वांत नवा आणि फसवा आहे. एखादे पान 'तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी परवानगी द्या' असे सांगते. वाचक 'अनुमती द्या' या बटणावर क्लिक करतो. प्रत्यक्षात त्याने त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली असते. त्यानंतर संगणकात काहीही बसवलेले नसताना कोपऱ्यात जाहिराती आणि खोटे इशारे येऊ लागतात. मोबाइलवरही हाच प्रकार घडतो.

निदान : तो लपतो कोठे

उपचार फसण्याचे मुख्य कारण म्हणजे लोक केवळ मुखपृष्ठ बदलतात. मुखपृष्ठ हे लक्षण असते. ते पुन्हा पुन्हा बदलणारा प्रोग्रॅम दुसरीकडे असतो. त्याच्या लपण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा एक्स्टेन्शनची यादी. दुसरी, विंडोजमधील बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी. तिसरी, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी आणि 'टास्क शेड्यूलर', म्हणजे ठरावीक वेळी कामे चालवणारी व्यवस्था. चौथी, डेस्कटॉपवरील ब्राउजरचे चिन्ह. त्यावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'टार्गेट' ही ओळ पाहावी. ती ब्राउजरच्या फाइलच्या नावावर संपायला हवी. शेवटी कोणत्याही संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर ब्राउजर कितीही धुतला तरी तेच पान उघडणार.

पाचवी जागा 'पॉलिसी'. कार्यालयांना आपल्या सर्व संगणकांवर एकच नियम लावता यावा म्हणून क्रोम आणि एजमध्ये ही सोय आहे. अपहरणकर्ते तिचा गैरवापर करतात, त्यामुळे बदललेले शोधयंत्र पुन्हा बदलता येत नाही. घरच्या संगणकावर 'हा ब्राउजर तुमच्या संस्थेद्वारे नियंत्रित आहे' अशी सूचना दिसली, तर चौकशी करावी. काही अँटिव्हायरसही ही सोय वापरतात, म्हणून केवळ सूचनेवरून निष्कर्ष काढू नये.

सहावी जागा नेटवर्कची. विंडोजमधील 'प्रॉक्सी', 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल आणि डीएनएसची नोंद या तिन्हींतून रहदारी वळवता येते. घरातील सर्व संगणक आणि मोबाइल एकाच वेळी भलत्या पानांवर जात असतील, तर दोष संगणकात नसून वायफाय राउटरमध्ये असण्याची शक्यता अधिक. कित्येक राउटरचा मूळ पासवर्ड कधीच बदललेला नसतो आणि परक्याला तो सहज उघडता येतो.

उपचार : क्रम महत्त्वाचा

सर्वप्रथम, शंका असलेल्या संगणकावर बँकेचे आणि सरकारी अर्जांचे काम थांबवावे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, मात्र प्रोग्रॅमच्या फाइली सोबत घेऊ नयेत. त्यानंतरचा क्रम असा ठेवावा :

१. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स'ची यादी उघडून ती बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले, ओळखीचे नसलेले प्रोग्रॅम काढून टाकावेत. काढताना 'खरोखरच काढायचे का', 'सवलत हवी का' असे प्रश्न उलटसुलट शब्दांत विचारले जातात. ते वाचूनच उत्तर द्यावे. प्रिंटरचे किंवा संगणक कंपनीचे सॉफ्टवेअर अनोळखी वाटले म्हणून काढू नये. आधी नाव शोधून खात्री करावी.

२. प्रत्येक ब्राउजरमधील एक्स्टेन्शनची यादी पाहून नको ती काढावीत. 'बंद करणे' पुरेसे नाही. 'काढून टाकणे' आवश्यक आहे.

३. ब्राउजरच्या 'साइट सेटिंग्ज'मधील 'नोटिफिकेशन्स'ची यादी उघडावी आणि अनोळखी संकेतस्थळांची परवानगी रद्द करावी. कोपऱ्यातील खोट्या इशाऱ्यांचा त्रास बऱ्याचदा एवढ्यानेच थांबतो.

४. नंतर स्वच्छता साधन चालवावे. विंडोजमधील डिफेंडरमध्ये संपूर्ण तपासणी आणि संगणक बंद-चालू करून होणारी 'ऑफलाइन' तपासणी अशा दोन्ही सोयी आहेत. अ‍ॅडवेअरसाठी खास बनवलेले 'अ‍ॅडब्ल्यूक्लीनर' हे साधन फुकट मिळते. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स या कंपनीचे आहे आणि ते त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण 'अ‍ॅडवेअर काढा' या नावाखाली अ‍ॅडवेअरच विकणारी पाने कमी नाहीत. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचे स्वच्छता साधन होते. ते गुगलने २०२३ साली बंद केले, त्यामुळे जुन्या लेखांतील तो सल्ला आता लागू नाही.

५. त्यानंतर ब्राउजर 'रीसेट' करावा. क्रोममध्ये या कृतीने मुखपृष्ठ, शोधयंत्र आणि नव्या टॅबचे पान पूर्ववत होते, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड मात्र राहतात. ही पायरी आधी घेतली आणि मूळ प्रोग्रॅम आत राहिला, तर सारी मेहनत वाया जाते.

६. डेस्कटॉपवरील आणि टास्कबारवरील ब्राउजरची जुनी चिन्हे पुसून नवी करावीत. 'प्रॉक्सी' आपण लावलेला नसेल तर बंद करावा. डीएनएस आपोआप मिळण्यावर ठेवावे. राउटरचा संशय असल्यास तो मूळ स्थितीत आणून त्याचा पासवर्ड बदलावा.

७. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. नकोसे पान परत आले, तर 'सिंक'चा विचार करावा. एकाच गुगल खात्याने दोन संगणकांवर क्रोम वापरला जात असेल, तर एका यंत्रावरील नकोसे एक्स्टेन्शन दुसऱ्यावर आपोआप उतरते. अशा वेळी सिंक थांबवून दोन्ही संगणक साफ करावे लागतात.

८. एवढे करूनही त्रास टिकला, तर फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवणे हा निश्चित मार्ग आहे. पॉलिसी किंवा रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा सामान्य वापरकर्त्यासाठी तोच सुरक्षित.

स्वच्छतेनंतरची एक पायरी बहुतेक जण विसरतात. ईमेल, बँक आणि सरकारी सेवांचे पासवर्ड बदलणे आवश्यक असते आणि तेही साफ झालेल्या किंवा दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून. ईमेलपासून सुरुवात करावी, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तेथूनच मिळतात.

खोटे इशारे, खोटी संकेतस्थळे

अपहृत ब्राउजर अनेकदा पूर्ण पडदा व्यापणारा लाल इशारा दाखवतो. 'संगणक कुलूपबंद झाला आहे, मायक्रोसॉफ्टच्या या क्रमांकावर फोन करा' असा त्याचा आशय असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी मोठी फसवणूक टळते. अशा पानावर काहीही क्लिक न करता 'कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप' ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउजर बंद करावा. फोनवरील माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे अ‍ॅप बसवू नये.

दुसरा धोका सरकारी कामांचा. खरीप पीक विम्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर असते आणि त्या दिवसांत केंद्रांवर गर्दी उसळते. घाईत 'पीक विमा' किंवा 'सातबारा' असा शोध घ्यावा आणि अपहृत ब्राउजरने सरकारी भासणारे खासगी पान पुढे करावे, तर शेतकऱ्याचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक भलत्याच्या हाती पडतो. पैसेही भरले जातात, पण अर्ज मात्र दाखल होत नाही आणि हे कळेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. यावर सोपा उपाय असा की नेहमीची सरकारी संकेतस्थळे एकदा खात्री करून बुकमार्क करावीत आणि शोध न घेता तेथूनच उघडावीत. केंद्र आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळांचा पत्ता बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा संपतो. पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय प्रत्येक केंद्रचालकाने लावून घ्यावी.

मदत आणि कायदा

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. या उपक्रमाला आरंभी साधन पुरवणारी कंपनी पुण्याची होती. कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने पुण्यात उभा केलेला उद्योग २००७ पासून 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' म्हणून ओळखला जातो. याच केंद्राने ब्राउजरसाठी 'जेएसगार्ड' आणि मोबाइलसाठी 'एम-कवच' ही सी-डॅकने विकसित केलेली साधनेही लोकांपुढे आणली.

कायदाही अगदीच मूक नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकात 'दूषक' घालणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य ठरवले आहे. या दूषकाच्या व्याख्येत संगणकाच्या नेहमीच्या कामकाजाचा ताबा घेणाऱ्या सूचनांचाही समावेश आहे. ब्राउजरच्या अपहरणाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अडचण असते ती परदेशातील अज्ञात कर्त्यापर्यंत पोहोचण्याची. मात्र या वाटेने खात्यातून पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

खबरदारी

या रोगावर प्रतिबंध उपचारापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. प्रोग्रॅम मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. बसवताना प्रत्येक पान वाचून अनावश्यक खुणा काढाव्यात. मराठी टंकलेखनासाठी युनिकोडची सोय विंडोजमध्ये आधीपासून आहे, त्यासाठी अनोळखी ठिकाणचे साधन आणण्याची गरज नाही. 'विंडोज सिक्युरिटी'मधील 'अ‍ॅप अँड ब्राउजर कंट्रोल' या भागात संभाव्य नकोशी अ‍ॅप रोखण्याची कळ असते, ती चालू आहे का हे एकदा पाहून घ्यावे. रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे, म्हणजे नवे प्रोग्रॅम बसवताना पासवर्ड मागितला जाईल. विंडोज ७ चा सुरक्षा पुरवठा जानेवारी २०२० मध्ये थांबला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे गावाकडे पाठवायचा जुना लॅपटॉप आधी पूर्ण पुसून, शक्य असल्यास नव्या प्रणालीसह द्यावा.

सेवा केंद्रांनी आणखी दोन पथ्ये पाळावीत. कामाच्या संगणकावर चित्रपट, खेळ आणि इतर डाउनलोड पूर्ण वर्ज्य असावेत. तसेच ब्राउजरमध्ये कोणत्याही ग्राहकाचा पासवर्ड साठवू नये आणि काम झाल्यावर प्रत्येक खात्यातून बाहेर पडावे. ग्राहकानेही आपले काम होत असताना पडद्यावरील पत्त्याकडे एक नजर टाकण्यास संकोचू नये. गावाच्या विहिरीत कोणी घाण टाकू नये म्हणून जशी सारे गाव नजर ठेवते, तशीच नजर आता या सामायिक यंत्रावरही ठेवावी लागणार आहे.